मैदानावर चकवा लागत नाही

आरतीसोबत पायी गेलं की घर सापडत नाही, हे अमरावतीच्या राजापेठेतल्या ट्यूशन क्लासच्या पोरींना दिवाळीच्या आतच कळून चुकलं होतं. पोरी हुशार. फिजिक्स डोक्यात शिरायला वर्ष जातं, पण कोणापासून चार हात लांब राहायचं ते त्यांना बरोबर समजतं.

पहिली फसली ती उज्मा. तिचं घर क्लासपासून दोन गल्ल्यांवर. दोघी बोलत निघाल्या, बांगड्यांच्या दुकानावरून डावीकडे वळल्या, अन् थोड्या वेळानं पुन्हा बांगड्यांच्या दुकानासमोर आल्या. परत वळल्या, परत दुकान. पोरीचा पत्ता नाही म्हणून तिचे वडील, अब्दुल सत्तार, स्कूटर घेऊन शोधायला निघाले. दोघी सापडल्या तेव्हा त्यांनी उज्माला मागं बसवलं, अन् भला माणूस म्हणून आरतीलाही बसवलं. तीच चूक झाली. तिघं मिळून पेट्रोल संपेस्तोवर राजापेठेत गोल गोल फिरले. ते बांगड्यांचं दुकान अब्दुल सत्तारांचं स्वतःचं होतं, चाळीस वर्षांचं, अन् त्याच्याच पायरीवर बसून ते घाम पुसत दुकानातल्या नोकराला पत्ता विचारत होते. दुसऱ्या दिवशीपासून उज्मा दुसऱ्या बाकावर बसायला लागली. वाईट काही बोलली नाही बिचारी. अब्बा नको म्हणतात, एवढंच म्हणाली.

आता चकवा म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. शेतातून घरी निघालेल्या माणसाला आपल्याच शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रात्रभर फिरवणारं जे काही असतं, त्याला चकवा म्हणतात. तो जीव घेत नाही, रक्त पीत नाही. ओळखीच्या माणसाचं रूप घेतो, पुढं पुढं चालतो, अन् आपण मागं मागं. बस, एवढाच त्याचा धंदा.

हा चकवा बाळापूर तालुक्यातल्या आरतीच्या गावचा. तिकडे त्या वर्षांत कपाशीनं दगा दिला, वर्षामागून वर्ष दिला, अन् गाव रिकामं व्हायला लागलं. वऱ्हाडाचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं. कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी इथं उगाळत बसत नाही. आरतीचे आईवडील पुण्याला एका बिल्डिंगवर राखणदार म्हणून गेले अन् पोरीला अमरावतीला आत्याकडे ठेवलं. गावातून शेवटी निघाली ती आरती. धुऱ्यानं सडकेपर्यंत आली, बसमध्ये बसली, अन् शेजारच्या सीटवर गावचे महादेवराव बसलेले दिसले. खरे महादेवराव तर पोराकडे राहायला गेले होते. हे महादेवराव मिशी कधी उजवीकडे जास्त ठेवायचे, कधी डावीकडे, अन् दोन्ही पायांत डाव्याच पायाच्या चपला.

"तुमी चकवा आहात," आरती म्हणाली.

"हाव," तो म्हणाला. "गावात आता चुकवाले कोणीच नाही राहिलं, पोरी."

तेव्हापासून तो तिच्या मागं. ती त्याला आबा म्हणायची. राजापेठेत तो सगळ्यांना दिसायचा. चहाच्या टपरीपाशी उकिडवा बसून बशीतून चहा प्यायचा. पण धोतरातल्या म्हाताऱ्याकडे शहरात बघतो कोण. माणसाला अदृश्य व्हायला भूतच असावं लागतं असं थोडंच आहे. आरतीचंही तसंच चाललं होतं. आत्या, लीलाबाई, घरातच मेस चालवायची, ट्यूशनची काही पोरं तिथंच राहायची, बाकीच्यांचे ती डबे करायची. पहाटेपासून पोळपाट-लाटणं, बोलायला वेळ कुठला. क्लासमध्ये शेजारची जागा रिकामी. रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला वाटायचं, आज दिवसभरात आपलं नाव कोणी घेतलंच नाही. अन् ते खरं असायचं.

अशात तिला मैदान सापडलं.

संध्याकाळी तिथं पोरं पळायची. फौजेची भरती होणार होती अन् शेतीतून उठलेल्या घरांतली पोरं दुसरं करणार तरी काय, पळत होती. त्यातला एक शिवम. अकोल्याकडचा, बडनेऱ्याला मामाकडे राहायचा. मामा वामनराव रेल्वेत. शिवम उंच, काटकुळा, अन् बोलायला लागला की थांबायचा नाही. पळताना फेऱ्या मोजायला त्याला कोणीतरी पाहिजे होतं. कठड्यावर एकटी बसलेली पोरगी दिसली, तसा थेट जाऊन म्हणाला, तू रिकामीच बसून राहिली ना, मंग माह्या फेऱ्या मोज.

आरतीनं मान हलवली अन् लगेच पस्तावली. कारण आबा उठले होते. आबांनी धोतर खोचलं, दोन डाव्या चपला आपटत शिवमच्या पुढं जाऊन पळायला लागले, नेहमीसारखे, वाट चुकवायला.

शिवमला वाटलं म्हातारा शर्यत लावून राहिला. त्यानं वेग वाढवला. आबांनीही वाढवला. एक फेरी, दुसरी, तिसरी. चकवा पुढं, पोरगा मागं, अन् दोघंही गोल. कठड्यावर बसून आरती आधी घाबरून बघत होती, मग तिला हसू यायला लागलं, अन् शेवटी पोट धरून हसली. गाव सोडल्यापासून पहिल्यांदा. आबा शेवटी कठड्यापाशी येऊन फतकल मारून बसले.

"हा पोट्टा कुठी जातच नाही," ते धापा टाकत म्हणाले. "मंग त्याले चुकवू कुठून?"

खरंच होतं. ज्याला गोलच फिरायचंय त्याला चकवा काय करणार? आरतीला अख्ख्या अमरावतीत तेवढी एकच जागा मिळाली जिथं ती माणसासोबत राहू शकत होती, अन् ती रोज जायला लागली. आधी मोजायला, मग सोबत चालायला, मग पळायलाही. शिवमला तिनं आबांचं सगळं सांगून टाकलं. तो घाबरेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, आमच्या गावात बी होता एक, पण आळशी होता लेकाचा. अन् आबांसाठी त्यानं टपरीवरून चहा आणला.

प्रेम म्हणायचं का त्याला? म्हणा बापा. हात धरला नाही, चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत. तो बोलायचा, ती ऐकायची, अन् मोजताना ती नेहमी एक फेरी कमी सांगायची. त्याला खोटं कळायचं नाही, की कळून तो पळायचा, देव जाणे. त्या एकेका जादा फेरीनं पोरगा असा तयार झाला की भरतीत सगळ्यांच्या पुढं आला. करायला गेली गणपती अन् झाला मारुती. ज्याला थांबवायला फेरी वाढवली त्याचं जायचंच पक्कं झालं. जबलपूरला ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं, अन् ठरल्या दिवसापर्यंत जो पोचला नाही त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती.

शिवमची एकच मागणी. आरतीनं बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोचवायला यावं.

नाही म्हणायला पाहिजे होतं. तिला कळत होतं. पण पोचवायला ये असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं, अन् ती हो म्हणून बसली. आबांना तिनं निक्षून सांगितलं की आज टपरीवरून हलायचं नाही. आबांनी गळ्याची शपथ घेतली. शिवम मामाकडून बॅग घेऊन सकाळीच राजापेठेत आला, लीलाबाईच्या पाया पडला, अन् दोघं फरदीनच्या ऑटोत बसले. फरदीन उज्माचा चुलतभाऊ. बडनेऱ्याच्या फेऱ्या मारून मारून त्याला रस्ता पाठ होता.

पहिल्यांदा ते राजापेठेच्या चौकात परत आले तेव्हा फरदीन स्वतःवरच हसला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं ऑटो थांबवून तोंड धुतलं. तिसऱ्यांदा शिवम म्हणाला, कपडे उलटे घाला, चकवा उतरतो. त्यानं अन् फरदीननं शर्ट उलटे केले, आरतीनं ओढणी उलटी घेतली, तिघांनी चपला डाव्याच्या उजव्यात घातल्या, अन् त्या अवतारात ऑटो सुसाट निघाला. चौकातला पोलीस शिटी वाजवायची विसरला. फरदीन इरेला पेटला होता. बाय गॉड आज बडनेरा दिखाताच, म्हणत त्यानं कांद्याच्या हातगाडीला घासून, लग्नाच्या बँडमधून, एका म्हशीला वळसा घालून ऑटो काढला. मागच्या दांडीला कोणीतरी लटकलंय हे शिवमला तेव्हा दिसलं. धोतर वाऱ्यावर फडफडत होतं. शिवम चालत्या ऑटोतून अर्धा बाहेर वाकला, धोतराचा सोगा धरला अन् ओढला. आबा ओरडले, फरदीन ओरडला, ऑटो एका चाकानं दुभाजकावर चढून उतरला. दूर गाडीची शिटी वाजली. अन् समोर अब्दुल सत्तारांचं बांगड्यांचं दुकान.

गाडी गेली. उद्याची गाडी शेवटची. ती पकडली तरच वेळेत पोचणार. उलटा शर्ट सुलटा करत शिवम म्हणाला, "उद्या जाईन ना. तू नको टेन्शन घेऊ." अन् मामाकडे न जाता तिच्याच आत्याच्या मेसमध्ये पोरांसोबत मुक्काम टाकला, कारण बडनेऱ्यापर्यंत तरी पोचणार कसा.

आरती दुपारी मागच्या पायरीवर आबांना गाठून बोलली. बोलली कसली, फाडून खाल्लं. लाज नाही वाटत का, गळ्याची शपथ घेतली होती, पोराचं आयुष्य मातीत घालून राहिलात.

आबा ऐकून घेत होते. मिशी आज दोन्हीकडून सारखी झाली होती, म्हणजे त्यांचं रूपाकडे लक्षच नव्हतं.

"मी टपरीवरच बसलो होतो," ते म्हणाले. "तू ओढलं मले."

"मी?"

"वाट मी नाही चुकवत, पोरी. गावात बी असंच होतं. कोण्या मायले वाटे पोरगं शयरात जाऊ नये, कोण्या बायकोले वाटे नवऱ्यानं परतावं, अन् मंग मी उठो. उज्मानं घरी जाऊ नये असं तुले वाटलं. हा पोट्टा जाऊ नये असं वाटते. तोंडानं नाही म्हणत तू. पण मले ऐकू येते."

आरतीला रडू फुटलं. कारण आबा खोटं बोलत नव्हते. ऑटो पहिल्यांदा चौकात परत आला तेव्हा तिला आनंद झाला होता. दुसऱ्यांदाही झाला होता. गाडीची शिटी ऐकली तेव्हा तिनं मनातल्या मनात हात जोडले होते, अन् शेजारी तो पोरगा पांढराफटक पडून बसला होता. आपल्यासारखं वाईट कोणी नाही असं तिला वाटलं, अन् तरीही तो उद्या जाऊ नये असंच वाटत राहिलं. वाटण्याला लगाम घालता येत नाही, हे तिनं तासभर बसून करून पाहिलं.

मग तिनं विचारलं, उद्या मी घरातच थांबले तर? आबा म्हणाले, उपयोग नाही, आजवर तो उद्या येणारच म्हणून तू त्याला रोज घरी जाऊ देत होतीस, पण इतके दिवस सोबत फिरलात, तुमची वाट आता एकच झाली. तो एकटा निघाला तरी फिरून इथंच येईल. एकच उपाय आहे, पण तो करू नको. आरतीनं खनपटीलाच बसून तो काढून घेतला.

घरातून माणूस गावाला निघाला की त्याच्या मागं लगेच केर काढत नाहीत, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तो पोचेपर्यंत झाडू कोपऱ्यात उभा राहतो. त्याच्या पाठीवर झाडतात ते एकदाच, माणूस तिरडीवरून गेल्यावर.

"तो निघाला की त्याच्या पावलांवरून झाड," आबा म्हणाले. "उंबऱ्यापासून सडकेपर्यंत. मेलेल्याच्या मागं झाडतात तसं. वाट पुसली जाईन, तो सरळ जाईन. पण पुसली तं दोन्हीकडून पुसली. त्याले इथं येणं सापडन का नाही, मले सांगता येत नाही."

"त्याला आधी सांगून ठेवते मग."

"सांगू नको. समजून हसला तुह्याकडे पाहून, तं वाट पुन्हा बांधली गेली म्हणून समज."

"अन् तुमचं काय, आबा?"

"माह्यं पाहू नको," आबा म्हणाले, अन् चहा प्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईनं शिवमच्या हातावर दही-साखर ठेवली. भाकरीचं गाठोडं दिलं. मेसची पोरं ताटावरून उठून दारात आली होती, शेजारच्या बायाही होत्या. फौजेत चाललेला पोरगा म्हणजे गल्लीला कौतुक. शिवमनं सगळ्यांचा निरोप घेतला अन् शेवटी आरतीकडे वळला. रात्रभर त्यानं काहीतरी जुळवून ठेवलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण इतक्या लोकांसमोर कुठलं निघायला. येतो मग, एवढंच म्हणाला.

ती येजो म्हणाली नाही. तिनं बोलायला तोंड उघडलं असतं तर थांब म्हणाली असती.

तो उंबरा ओलांडून दोन पायऱ्या उतरला, अन् आरतीनं दारामागचा खराटा उचलला.

पहिला फटकारा बसला तेव्हा कोणाला कळलंच नाही. मग एक बाई हाय माय म्हणाली. लीलाबाई ओरडत आली, पोरी, येड लागलं का तुले, ठेव तो खराटा. तिनं मनगट धरलं. आरतीनं हिसडा मारला अन् झाडत राहिली, उंबरा, पायऱ्या, अंगण, त्याच्या बुटांचे ठसे एकेक करून. धूळ उडत होती अन् डोळ्यांत जात होती.

शिवम गल्लीच्या तोंडाशी मागं वळला. बॅग खांद्यावर, दह्याचा हात अजून ओलसर. त्यानं तिला झाडताना पाहिलं. तोही वऱ्हाडातल्याच मातीचा. मागं झाडणं म्हणजे काय ते त्याला कोणी समजवायची गरज नव्हती. त्याचं तोंड लहान पोराला विनाकारण थोबाडीत बसल्यावर होतं तसं झालं. आरती त्याच्याकडे बघत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. नुसते डोळे जरी मिचकावले असते तरी तो समजला असता, पोरगा तिखट होता. तिनं मान खाली घातली अन् त्याच्या पायापर्यंत झाडत गेली.

शिवम पाठ फिरवून निघाला. सडकेला लागला, फरदीनच्या ऑटोत बसला. ऑटो बडनेऱ्याच्या दिशेनं गेला. गल्लीच्या तोंडाशी खराटा धरून आरती उभी राहिली. अर्धा तास झाला, तास झाला. ऑटो परत चौकात आला नाही.

ती टपरीकडे गेली. आबा नव्हते. टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, कोण म्हातारा? तेव्हा तिच्या लक्षात आलं की आबाही तिच्याच पावलांवरून इथं आले होते, अन् खराट्यानं तीही पावलं पुसली गेली. त्यांना जाताना तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरी आली तर लीलाबाई भाकरी अर्धी टाकून वाट बघत बसलेली. तिचा राग उतरला नव्हता, पण आवाज उतरला होता. लीलाबाईच्या नवऱ्याच्या मागं एकदा असंच अंगण झाडलं गेलं होतं, शेजारणींनी, अन् ती तेव्हा कोपऱ्यात बसून बघत होती. तिनं एकच विचारलं.

"कावून झाडलं वं?"

"तो पोचावा म्हणून, आत्या."

लीलाबाईला काही समजलं नाही. समजायचं कसं. पण पोरीच्या हातातून खराटा सुटत नव्हता, बोटं आवळली होती, तेव्हा तिनं ती एकेक करून उकलली अन् पोरीला पोटाशी घेतलं. आरती मोठ्यानं रडली, गळा काढून, शेजारणींना ऐकू जाईल इतकी. मला जाऊ द्यायचं नव्हतं, मला जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच म्हणत राहिली.

दुपारी आत्याच्या मोबाइलवर वामनरावांचा फोन आला. गाडी मिळाली, पोरगा बसला, जागाही मिळाली खिडकीजवळची. मग वामनराव थोडं घुटमळले अन् फोन आरतीकडे द्यायला सांगितला.

"काही झालं का बेटा तुमचं? एक शब्द बोलला नाही पोट्टा. डोळे पुसत बसला होता. आता जबलपूरले पोचला की फोन करन तो मले. काही निरोप सांगू का तुहा?"

आरतीच्या ओठांवर सगळं आलं होतं. एका वाक्यात मावलं असतं. ते ऐकून तो हसला असता, नक्की हसला असता, आधी कपाळाला हात लावून अन् मग मोठ्यानं. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी, अन् तिथूनच त्याची वाट पुन्हा इकडे बांधली गेली असती.

"काही नाही, मामा," ती म्हणाली. "काही नाही म्हणा."

तिनं फोन आत्याला दिला, हात धुतले, अन् संध्याकाळच्या डब्यांचं पीठ मळायला बसली.